सपाट रेघ समुद्राची की मोजपट्टीची?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एक आलेख घेऊन गाईड मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. अरबी समुद्राच्या तळातून काढलेला गाळ, त्यातली जुन्या उष्ण काळातली नमुन्यांची रांग आणि त्यावरून काढलेलं समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान. रेघ २८ अंशांच्या थोडी वर जाऊन बराच काळ सपाट चालली होती. मी खाली मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं होतं, "या काळात तापमान स्थिर होते." मॅडमनी पेन्सिलीने त्या वाक्याखाली एकच प्रश्न लिहिला: "समुद्र स्थिर होता, की तुझी पट्टी संपली?"

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेट किंवा नेटची तयारी करत असतील, नाहीतर सिनॉप्सिससाठी विषय शोधत असतील. आपल्या विषयातल्या साधनांचा इतिहास हा प्रस्तावनेतला एक परिच्छेद भरण्यापुरता असतो, असं मलाही तेव्हा वाटायचं. त्या प्रश्नानंतर मी तो इतिहास नीट वाचला. त्यात हाच प्रश्न पुन्हा पुन्हा आलेला दिसला, आणि तो चुकवणाऱ्यांत फार मोठी नावंही सापडली. म्हणून आज तोच इतिहास सांगतो.

हक्सलीची बाटली

१८५७ साली ब्रिटिश नौदलाच्या सायक्लॉप्स या जहाजाने उत्तर अटलांटिकची खोली मोजली. आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये तारायंत्राची केबल टाकायची होती, त्यामुळे तळ कसा आहे हे कळायला हवं होतं. वर आलेला चिखल अल्कोहोलमध्ये ठेवून टॉमस हेन्री हक्सलीकडे गेला. हा तोच हक्सली, जो पुढे डार्विनची बाजू हिरिरीने मांडण्यासाठी प्रसिद्ध झाला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला असंख्य बारीक गोल चकत्या दिसल्या. १८५८ च्या अहवालात त्याने त्यांना 'कोकोलिथ' हे नाव दिलं आणि त्या बहुधा निर्जीव खनिज असाव्यात असं मत नोंदवलं. त्याच्याही आधी, १८३६ मध्ये, जर्मनीच्या एरेनबर्गने खडूच्या दगडात अशाच चकत्या पाहिल्या होत्या. त्यालाही त्या खनिजच वाटल्या होत्या.

पुढच्या ३-४ वर्षांत चित्र बदललं. वॉलिचला या चकत्या एका गोलावर चिलखतासारख्या बसवलेल्या सापडल्या. सॉर्बीने दाखवलं की खडूतल्या आणि समुद्रतळावरच्या चकत्या एकाच जातीच्या आहेत, आणि त्यांचा बाकदार आकार स्फटिकाचा नसून सजीवाने घडवलेला आहे. आज आपल्याला माहीत आहे की हे चिलखत कोकोलिथोफोर नावाच्या एकपेशीय समुद्री शैवालाचं असतं. एक पेशी मिलिमीटरच्या साधारण दोनशेव्या भागाएवढी. उन्हाच्या पट्ट्यात वाढते, मरते, आणि तिच्या चुनखडीच्या चकत्या तळाशी जाऊन बसतात. इंग्लंडचे ते प्रसिद्ध पांढरे कडे मुख्यतः अशाच चकत्यांचे बनलेले आहेत.

आता चूक बघा. १८६८ मध्ये हक्सलीने तीच जुनी बाटली पुन्हा उघडली, या वेळी जास्त चांगल्या सूक्ष्मदर्शकासह. त्याला चकत्यांच्या भोवती जेलीसारखा पदार्थ दिसला. हा तळभर पसरलेला आदिम सजीव असावा आणि कोकोलिथ हे त्याचेच अवयव असावेत, असा त्याने निष्कर्ष काढला. नाव ठेवलं 'बॅथिबियस हेकेली'. निर्जीव आणि सजीव यांच्यामधली हरवलेली पायरीच सापडली, असं तेव्हा अनेकांना वाटलं.

१८७२ मध्ये चॅलेंजर जहाज जगभरच्या समुद्रांच्या अभ्यासाला निघालं. त्यांना ताज्या चिखलात बॅथिबियस कुठेच मिळेना. जहाजावरचा रसायनतज्ज्ञ ब्यूकॅनन याने साधी तपासणी केली. समुद्राच्या पाण्यात भरपूर अल्कोहोल घातलं की कॅल्शियम सल्फेटचा जेलीसारखा साका तयार होतो. म्हणजे ती 'जेली' समुद्रात नव्हतीच, ती बाटलीत तयार झाली होती. नमुना टिकवण्यासाठी घातलेल्या अल्कोहोलनेच तो 'सजीव' जन्माला घातला होता. १८७५ मध्ये ही बातमी कळताच हक्सलीने 'नेचर'मध्ये ती छापून आणली आणि आपली चूक मान्य केली.

यात हसण्यासारखं काही नाही. अधिक चांगलं उपकरण घेऊन त्याने चूक वाढवली, कारण प्रश्न उपकरणाच्या ताकदीचा नव्हताच. नमुन्यातलं निसर्गाचं काय आणि आपल्या पद्धतीचं काय, हे त्याने वेगळं केलं नव्हतं. तेच मी आलेखात केलं होतं.

थर्मामीटर कसं सापडलं

आपल्या क्षेत्रात 'प्रॉक्सी' हा शब्द सतत येतो. कॉलेजात मित्राच्या नावाने हजेरी लावतो ती प्रॉक्सी, आणि इथलीही गोष्ट फार वेगळी नाही. ३० लाख वर्षांपूर्वीचं तापमान आज हजर नाही, त्याच्या जागी कुणीतरी 'हजर' म्हणतं. तो आवाज ओळखता यायला हवा, एवढंच.

पहिला मोठा आवाज ऑक्सिजनच्या समस्थानिकांचा होता. १९५५ मध्ये चेझारे एमिलियानीने फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म जीवांच्या कवचांमधून हिमयुगांतल्या समुद्राचं तापमान काढलं. पण १९६७ मध्ये निकोलस शॅकल्टनने दाखवलं की त्या आकड्यांतला मोठा वाटा तापमानाचा नसून जमिनीवर साठलेल्या बर्फाचा आहे. हलका ऑक्सिजन बर्फात अडकला की उरलेलं समुद्राचं पाणी जड होतं, आणि कवचही. एकाच आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या. त्यामुळे बर्फाशी संबंध नसलेलं थर्मामीटर हवं होतं.

ते कोकोलिथोफोरांकडूनच मिळालं, पण त्यांच्या कवचातून नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस नैऋत्य आफ्रिकेजवळच्या समुद्रतळाच्या गाळात लांब साखळीची काही कीटोन संयुगं सापडली. त्यांना आपण अल्केनोन म्हणतो. ३७ कार्बनची साखळी आणि तिच्यात २, ३ किंवा ४ दुहेरी बंध. १९८० मध्ये जॉन व्होकमन आणि सहकाऱ्यांना हीच संयुगं एका जिवंत शैवालात मिळाली. त्या शैवालाचं नाव एमिलियानिया हक्सलीई. १९६७ मध्ये हे प्रजातिनाम ठेवताना एमिलियानीचा मान राखला होता, 'हक्सलीई' त्याआधीपासून होतंच. तापमानात बर्फ मिसळलेला माणूस आणि चिखलात जेली पाहिलेला माणूस, दोघांची नावं एकाच शैवालाला. आणि ज्या प्रकारच्या चिखलात हक्सली सेंद्रिय पदार्थ शोधत होता, त्यात शैवालाचा सेंद्रिय पदार्थ खरोखर असतो. फक्त तो सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही. आपण आज तो सॉल्व्हंटने गाळातून ओढून काढतो आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर मोजतो.

तापमानाशी त्याचा संबंध समजायला हिवाळ्यातली खोबरेल तेलाची बाटली आठवा. थंडीत ती गोठते, करडईचं तेल गोठत नाही. कारण करडईच्या तेलात दुहेरी बंध जास्त. शैवालही थंड पाण्यात दुहेरी बंध वाढवतं, उष्ण पाण्यात कमी करतं. मात्र हे उदाहरण इथेच सोडा. पेशीचं आवरण पातळ राहावं म्हणून शैवाल असं करत असावं, असं आधी मानलं गेलं होतं. नंतर दिसलं की अल्केनोन प्रामुख्याने पेशीतल्या चरबीच्या थेंबांत साठवलेले असतात. म्हणजे संबंध पक्का, पण त्याचं पहिलं स्पष्टीकरण कच्चं. व्हायव्हात हा फरक नक्की विचारतात.

१९८६ मध्ये सायमन ब्रासेल, जेफ्री एग्लिंटन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या अटलांटिकमधल्या गाळात हे बंधांचं प्रमाण हिमयुगांच्या तालावर वरखाली होतं. पुढच्या वर्षी प्राल आणि वेकहॅम यांनी प्रयोगशाळेत वेगवेगळ्या तापमानांना शैवाल वाढवून त्याचं मोजमाप बसवलं आणि निर्देशांक सोपा केला: २ बंधांचे अल्केनोन भागिले २ आणि ३ बंधांच्या अल्केनोनांची बेरीज. १९९८ मध्ये म्यूलर आणि सहकाऱ्यांनी ६० अंश दक्षिण ते ६० अंश उत्तर अक्षांशांमधला, समुद्रतळाच्या अगदी वरच्या थरातला गाळ घेऊन पाहिलं. जवळजवळ तेच समीकरण आलं. एका बाटलीत वाढवलेल्या शैवालाची आणि सगळ्या महासागरांच्या तळाची साक्ष जुळली.

आकडेमोड तुम्हीच करून बघा. समजा गुणोत्तर ०.७७ आलं. त्यातून ०.०४४ वजा करा, उरले ०.७२६. त्याला ०.०३३ ने भागा. उत्तर २२ अंश सेल्सिअस. इतकं सोपं आहे म्हणूनच जपून राहावं लागतं.

पट्टी कुठे संपते

आता त्याच समीकरणात गुणोत्तर १ घाला. उत्तर जवळपास २९ येतं. गुणोत्तर १ पेक्षा मोठं होऊच शकत नाही, कारण ३ बंधांचे अल्केनोन शून्याच्या खाली जाणार नाहीत. म्हणजे समुद्र ३० अंश असो वा ३३, हे थर्मामीटर २९ च्याच आसपास बोट दाखवणार.

त्यात छताजवळ पोचण्याआधीच पट्टीच्या खुणा दाट होतात. हिंदी महासागरातल्या गाळावर सोन्झोनी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये काम केलं. २४ ते २९ अंशांच्या पाण्यासाठी त्यांना चढ ०.०३३ ऐवजी ०.०२३ मिळाला. याचा अर्थ, गुणोत्तरात ०.०१ ची चूक झाली तर इतरत्र तापमान ०.३ अंशाने चुकतं, इथे ०.४ पेक्षा जास्त. आणि उष्ण पाण्यात ३ बंधांचं शिखर इतकं बुटकं असतं की क्रोमॅटोग्रामच्या गोंगाटात ते हरवतं. माझी सपाट रेघ अशीच तयार झाली होती. २०१८ मध्ये जेसिका टियर्नी आणि मार्टिन टिंगली यांनी हा उष्ण बाजूचा वाक धरूनच नवं समीकरण बसवलं, त्यात अनिश्चितताही सोबत मिळते.

'थंड काळांवर काम करा, प्रश्न मिटला,' असं कुणी म्हणेल. पण आज जगाला उष्ण काळच कळायला हवेत. प्लायोसीनमधला ३३ ते ३० लाख वर्षांपूर्वीचा टप्पा घ्या. तेव्हा हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत साधारण ३६० ते ४२० भाग होता, म्हणजे जवळजवळ आजच्याइतका. आणि पृथ्वी औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा अडीच ते चार अंशांनी उष्ण होती. आपण कुठे चाललो आहोत हे विचारायला यापेक्षा जवळचा साक्षीदार मिळणं कठीण.

या साक्षीवरून खरं भांडण झालं. आज पॅसिफिकच्या विषुववृत्तावर पश्चिमेला उष्ण पाणी आणि पूर्वेला थंड पाणी असतं. हा फरक कमी झाला की एल निनो येतो, आणि आपल्याकडे मान्सूनची चिंता सुरू होते. प्लायोसीनमध्ये पूर्वेकडचं पाणी आजच्यापेक्षा काही अंशांनी उष्ण होतं, हे अल्केनोनांनी दाखवलं. पश्चिमेकडचं तापमान मात्र इतर साधनांत फारसं वाढलेलं दिसेना. मग पूर्व-पश्चिम फरक जवळपास नाहीसा झाला होता, जणू कायमचा एल निनो, असा अर्थ लावला गेला. पण पश्चिमेकडचा हा भाग आजच २९ अंशांजवळ आहे. तिथे अल्केनोन बोलूच शकत नाहीत. आणि कवचांतल्या मॅग्नेशियमवर आधारलेली पद्धत वापरायची, तर लाखो वर्षांत समुद्राच्या पाण्यातलं मॅग्नेशियमच बदलत आलं आहे.

२०१४ मध्ये यी गे झांग, मार्क पगानी आणि झोंगहुई लिऊ यांनी शैवालांऐवजी समुद्रातल्या आर्किया या सूक्ष्मजीवांच्या चरबीवर आधारलेली पद्धत तिथे लावली. तिला २९ अंशांचं छत नाही. त्यांना पश्चिमेकडचं पाणीही उष्ण झालेलं दिसलं, म्हणजे पूर्व-पश्चिम फरक टिकून होता. त्याच वर्षी क्रिस्टिना रॅव्हेलो आणि सहकाऱ्यांनी लेखी हरकत घेतली. आर्किया पृष्ठभागाखालीही राहतात, त्यामुळे त्या आकड्यांनाही पृष्ठभागाचं तापमान म्हणताना विचार करायला हवा. एका पट्टीला छत आहे, दुसरी नेमकी कोणत्या खोलीवर लावली आहे ते स्पष्ट नाही. हा वाद वाचताना कोण जिंकलं यापेक्षा प्रत्येक बाजू दुसऱ्याच्या साधनाला काय विचारते, तिकडे लक्ष द्या. लिटरेचर रिव्ह्यू लिहायला मला त्यातूनच शिकायला मिळालं.

दुसरी पट्टी, खालून संपणारी

अल्केनोनांकडून आणखी एक गोष्ट कळते. १९९० मध्ये जॅस्पर आणि हेज यांनी त्यांच्यातल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून जुना कार्बन डायऑक्साइड मोजायची वाट दाखवली. कल्पना मंडईसारखी आहे. मेथीच्या जुड्या भरपूर असल्या की आपण निवडून घेतो, टंचाई असली की मिळेल ती पिशवीत टाकतो. शैवालाला हलका कार्बन आवडतो. कार्बन डायऑक्साइड भरपूर असला की ते निवड करतं, कमी असला की निवड सुटते. या पद्धतीने पगानी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं की इओसीन काळातले दशलक्ष भागांत १००० च्या वरचे आकडे ऑलिगोसीनच्या शेवटापर्यंत आजच्या जवळ उतरले.

पण १९९९ मध्ये याच पद्धतीने मायोसीनबद्दल एक कोडं टाकलं होतं. सुमारे १.७ ते १.४ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी बरीच उष्ण होती, तरी अल्केनोन सांगत होते की कार्बन डायऑक्साइड कमी होता आणि त्यात मोठा बदलही नव्हता. इथेही रेघ सपाट! मग उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड यांचं नातंच सुटलं होतं का? प्रश्न साधा नव्हता, त्याचं उत्तर आजच्या हवामानाच्या अंदाजांपर्यंत पोचतं.

पुढे बोरॉनच्या समस्थानिकांनी त्याच काळासाठी जास्त आकडे दिले. मग शैवालाच्या जगण्याकडे लक्ष गेलं. पेशी किती मोठी, वाढ किती वेगाने, यावर निवड बदलते. कार्बन डायऑक्साइड कमी झाला की शैवाल हातावर हात ठेवून बसत नाही, ते ऊर्जा खर्च करून कार्बन आत ओढतं. २०१९ मध्ये मार्कस बॅजर आणि सहकाऱ्यांनी अलीकडच्या हिमयुगांच्या काळात हे साधन तपासलं. त्या काळातला कार्बन डायऑक्साइड बर्फातल्या हवेच्या बुडबुड्यांमुळे आधीच ठाऊक आहे. ठाऊक असलेले चढउतार अल्केनोनांनी नीट दाखवलेच नाहीत. कमी पातळीवर ही पट्टी फारशी हलत नाही.

म्हणजे एकाच रेणूच्या दोन पट्ट्या. तापमानाची वरच्या टोकाला संपते, कार्बन डायऑक्साइडची खालच्या टोकाला. म्हणून साधन टाकाऊ होत नाही. मधल्या मोठ्या टप्प्यात अल्केनोन उत्तम साक्ष देतात. अरबी समुद्रातल्या ओवेन रिजवर १९८७ मध्ये खोदलेल्या ७२२ क्रमांकाच्या ठिकाणापासून अनेक महासागरांतल्या गाळापर्यंत त्यांनी लाखो वर्षांचा तापमानाचा इतिहास दिला आहे. आणि टोकाच्या मर्यादा आपल्याला कळल्या त्याही शैवालांना सजीव म्हणून समजून घेतल्यामुळेच.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

विषय कोणताही असो, तीन कामं पहिल्याच महिन्यात करा.

पहिलं, तुमचं साधन कुठे बोलायचं थांबतं तो आकडा शोधा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. माझ्या वहीत आता '२९' लिहिलेलं आहे, भोवती लाल गोल करून.

दुसरं, मूळ मोजमाप जपा. प्रबंधात फक्त तापमान नको, गुणोत्तरही द्या. समीकरणं बदलत राहतील. ज्यांनी गुणोत्तरं छापून ठेवली, त्यांचे जुने आकडे नव्या समीकरणात घालता येतात. ज्यांनी फक्त अंश छापले, त्यांच्या कामावरून मागे जाणं अवघड होतं.

तिसरं, वेगळ्या कारणाने चुकणारा दुसरा साक्षीदार शोधा. एकाच कारणाने चुकणारे दोन साक्षीदार असून नसून सारखेच.

माझ्या आलेखाचं काय झालं? सपाट भागातली रेघ मी काढून टाकली नाही. तिथे ठिपक्यांच्या जागी वर जाणारे बाण काढले. अर्थ असा, की तापमान किमान इतकं होतं, जास्तही असू शकेल. खालचं वाक्यही बदललं. सहा महिन्यांच्या कामानंतर 'किमान' एवढा एकच शब्द वाढला म्हणून आधी वाईट वाटलं होतं. मॅडमनी नवीन आलेख पाहिला, पेन्सिल बाजूला ठेवली आणि विचारलं, "आता दुसरी पद्धत कधी लावतोस?"

पुढच्या आठवड्यापासून तेच करतोय.